निळ्या रंगाखालची पाचवी पायरी

मित्रांनो, मी एक जुनी शिडी आहे आणि मला उंचीची भीती वाटते. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे हसण्यासारखं फारसं नाही. आमच्याकडे मला निसनी म्हणतात. दोन उभे बांबू आणि त्यांच्यात बसवलेल्या अकरा आडव्या पायऱ्या, एवढाच माझा देह. शिडीनं उंचीला भ्यावं म्हणजे बेडकानं पाण्याला भिण्यासारखं झालं, हे मलाही कळतं. पण काय करू? कुणी मला भिंतीला टेकवून उभी केली, की माझ्या पोटात गोळा येतो आणि आडवी ठेवेपर्यंत तो जात नाही.

माझा जन्म सोनाळ्याचा. सातपुड्याच्या पायथ्याचं हे मोठं गाव. तिथे रामराव सुतार म्हणून एक म्हातारे होते. त्यांनी माझ्यासाठी कोवळे बांबू घेतले नाहीत. चांगले पिकलेले घेतले, वीस दिवस पाण्यात बुडवून ठेवले आणि मग सावलीत वाळवले. असं केलं की बांबूला किडा लवकर लागत नाही. एकेक पायरी बसवताना ते स्वतःशीच पुटपुटायचे, "कच्ची निसनी मानूस मारते बाप्पा." या जगात मी ऐकलेलं पहिलं वाक्य हेच. मी भित्री झाले, त्यात माझा काय दोष?

मला करवून घेतलं धम्मरत्नभाऊंनी. ते संग्रामपूरला वीज खात्यात लाइनमन होते. मोटरसायकलच्या एका बाजूला मला आडवी बांधायचे आणि आम्ही दोघं गावोगाव हिंडायचो. कुठे तार तुटली, कुठे फ्यूज उडाला, कुठे खांबावर माकड बसलं. भाऊ खांबाला मला टेकवायचे, दोरीनं बांधायचे आणि सरसर वर जायचे. वर गेल्यावर शीळ घालायचे. खाली माझे पाय लटलट कापायचे आणि हा माणूस शीळ घालतो! माझा जीव टांगणीला लागायचा.

पण भाऊ बेफिकीर नव्हते. चढण्याआधी ते पक्कड घेऊन माझ्या प्रत्येक पायरीवर ठोकत जायचे. खालून वर, अकरा वेळा. टण्, टण्, टण्. कान देऊन ऐकायचे आणि सगळ्या पायऱ्या नीट बोलल्या की मगच पहिला पाय टाकायचे. नवीन भरती झालेले लाइनमन त्यांची टिंगल करत. तेव्हा भाऊ म्हणायचे, "हसा बे, हसा. पोकळ पायरी सोताहून सांगत नसते. तिले विचारा लागते." आणखी एक नियम त्यांनी पाळला. मला कधी रंग लावू दिला नाही. रंगाखाली चीर पडली तर दिसत नाही, आवाजही दबतो, असं ते सांगायचे.

एकदा परीक्षेच्या दिवसांत एका गावची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. दोन दिवस गाव अंधारात होतं. भाऊंनी माझ्या अकराव्या पायरीवर उभं राहून तारा जोडल्या आणि दिवे लागले. गावकऱ्यांनी भाऊंना नारळ दिला. एका बाईनं तर माझ्याही पायांना हळदीकुंकू लावलं. मी तेव्हा घाबरून अर्धी झाले होते, पण कुणाला कळलं नाही. अभिमानही वाटला. खोटं कशाला बोलू?

चार वर्षांपूर्वी भाऊ निवृत्त झाले आणि मला घरी घेऊन आले. घर संग्रामपुरातच आहे, स्लॅबचं, पण गच्चीवर जायला जिना नाही. मागच्या अंगणात, मोरीशेजारी त्यांनी मला भिंतीला टेकवलं आणि मी तिथेच राहिले. भाऊंच्या पत्नी महामायाबाई. त्यांनी माझ्या पायाशी वालाचा वेल लावला. वेल चढला तर वजन पडत नाही, म्हणून मी खूश होते. मी म्हटलं, आता म्हातारपण सुखाचं जाणार.

पण मोरीचं पाणी पायाशी, वेलाची ओल अंगावर आणि डोक्यावर एकामागून एक चार पावसाळे. एके दुपारी माझ्याच अंगातून मला कुरकुर ऐकू आली. पाचव्या पायरीतून पिठासारखा भुसा खाली पडला. किडा आत शिरला होता! दिवसेंदिवस ती पायरी आतून पोखरत गेली. वरून पाहाल तर धडधाकट, आत नुसती हवा. मी कुणाला सांगणार? एक कोंबडी आली, तो भुसा टोचून गेली, तेवढीच माझी विचारपूस झाली.

यंदा विहारातल्या वीस-बावीस मंडळींनी श्रीलंकेला जायचं ठरवलं. अनुराधापूरचा बोधिवृक्ष पाहायचा आणि वैशाखी पौर्णिमा तिथेच करायची. भाऊंनी दोघांची नावं दिली. त्यांची मुलगी सुचिता नागपूरला शिक्षिका आहे. तिनं पासपोर्टचे अर्ज भरले, व्हिसाचं पाहिलं, बॅगा पाठवल्या. दोघांनीही जन्मात विमान आतून पाहिलं नव्हतं.

आणि त्याच दिवसापासून भाऊंना घराच्या दुरुस्तीनं झपाटलं. कॅलेंडरच्या पाठीमागे त्यांनी यादी केली. टाकीचा कॉक, मागच्या दाराची कडी, मोरीचा नळ, गच्चीची भेग, सगळ्या घराला रंग. एक काम झालं की खाली दोन नवीन लिहायचे. महामायाबाई म्हणायच्या, "अहो, आपून दहा दिवसांसाठी चाललो, का घर इकून चाललो?"

"आपून तिकडे अन् इकडे घर गळलं तं?"

"उन्हाळ्यात काय गळते?"

भाऊ पाना घेऊन पुन्हा कुठल्यातरी नळाखाली शिरायचे.

शेजारी जब्बार मिस्त्री राहतात. गवंडीकाम आणि रंगकाम दोन्ही करतात, भाऊंचे जुने दोस्त. त्यांनी घराला बाहेरून निळा रंग दिला. डबाभर रंग उरला. त्या दिवशी भाऊ कागदांच्या कामाला बुलढाण्याला गेले होते. महामायाबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "घर नवं अन् हे बिचारी अशीच!" त्यांनी सुकलेला वेल उपटून काढला, मला आडवी केली आणि उन्हात बसून दिवसभर रंगवलं. किड्यानं पाडलेली भोकं रंगानं भरली. पाचव्या पायरीची बारीक चीर बुजली. त्यांच्या हातात इतकी माया होती की मला रडू येत होतं, आणि भीतीनं जीवही जात होता. बाई, नको वं, मी ओरडत होते. पण माझं ओरडणं कुणाला ऐकू जातं?

संध्याकाळी भाऊ आले. मला पाहून जागच्या जागी थांबले. महामायाबाई दारात उभ्या, कोपरापर्यंत हात निळे. "कशी दिसते?" त्यांनी विचारलं.

भाऊंनी पक्कड काढली. सवयीनं ठोकत गेले. टण्, टण्, टण्, टण्. पाचवीला आवाज आला, भद्द. त्यांनी पुन्हा ठोकलं. पुन्हा भद्द. मला वाटलं, सुटले! आता हा माणूस बोलणार.

भाऊंनी बायकोच्या निळ्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाले, "एक नंबर दिसते."

थोड्या वेळानं ते कुंपणापाशी गेले आणि जब्बार मिस्त्रींना हळूच म्हणाले, "जब्बारभाऊ, तुही लोखंडी निसनी देजो गच्चीसाठी. हिची पाचवी पायरी खाल्ली किड्यानं. आता तोडाच लागते."

"मंग तोड न. वहिनीले सांगून टाक."

"सांगतो. घाई काय हाय? दिवसभर उन्हात बसून रंगवली तिनं. शिरीलंकेहून आलो का सांगतो."

"धम्मरत्न, अशा गोष्टीले उशीर करू नये."

"अरे, ती कुठी चढते? जलमात गच्चीवर गेली नाही ते."

महामायाबाईंना त्यांनी सांगितलं की रंग ओला आहे, पाय चिकटतील, म्हणून लागेल तेव्हा जब्बारची शिडी आणू. मला तोडणार हे ऐकून मी घाबरलेच. पण खरं सांगते, हायसंही वाटलं. निदान माझ्या अंगावरून कुणी पडणार तर नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला भाऊ नेहमीप्रमाणे स्टँडवर चहाला गेले. महामायाबाई मागच्या अंगणात आल्या. इकडेतिकडे पाहिलं. रंग सुकलाय ना ते बोटानं पाहिलं, पदर कमरेला खोचला, माझे दोन्ही बांबू घट्ट धरले आणि पहिल्या पायरीवर उभ्या राहिल्या.

त्यांचे हात थरथरत होते. डोळे मिटून त्यांनी त्रिशरणातली पहिली ओळ म्हटली आणि खाली उतरल्या. मग माझ्याकडे पाहून बोलू लागल्या. "कोनाले सांगजो नको वं निसने. मले इमानाचं लय भेव लागते. सुचितीले सांगतलं तं ते हसन, ह्याइले सांगतलं तं हे हसतीन. अकरा पायऱ्या हायेत तुह्या, बारा दिवस हायेत जायाले. रोज एक चढते मी. अकराव्या दिशी गच्ची पाह्यली का मंग इमानाले भेत नाही."

मित्रांनो, आता सगळं तुमच्या लक्षात आलं असेल. भाऊंना पायरी माहीत होती, पण बाई चढतात हे माहीत नव्हतं. बाई चढत होत्या, पण पायरी माहीत नव्हती. दोन्ही गोष्टी माहीत असलेली मी एकटी, आणि मला तोंड नाही. रविवारी पहिली पायरी झाली होती. मी मोजलं. पाचवी गुरुवारी येत होती.

सोमवारी त्या दोन पायऱ्या चढल्या. मंगळवारी तीन. तीन पायऱ्यांना तीन शरणं पुरली. बुधवारी चौथीवर काय म्हणावं हे त्यांना सुचेना, तेव्हा त्यांनी लेकीचं नाव घेतलं. मी सगळं बळ एकवटून करकरले. वाटलं, घाबरून उतरतील आणि पुन्हा चढणार नाहीत. तर त्यांनी मला थोपटलं! "तूबी भेते का वं?" म्हणाल्या. हो बाई, भिते. पण तुम्ही समजता त्याला नाही.

बुधवारी दुपारी अंगणात वावटळ आली. मी मुद्दामच तोल सोडला आणि आडवी पडले. दणकन पडले, खांदा खरचटला, पण आनंदानं पडून राहिले. म्हटलं, आता उद्या मला उचलायचं कोण? तेवढ्यात जब्बार मिस्त्री कुंपणावरून डोकावले. भला माणूस, आला आणि मला परत उभी करून गेला. कधी कधी भल्या माणसांकडूनच घात होतो, दुसरं काय!

संध्याकाळी मिस्त्रींनी भाऊंना विचारलं, "सांगतलं का वहिनीले?"

"उद्या सांगतो," भाऊ म्हणाले.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता भाऊ चहाला गेले. फाटकाचा आवाज आला आणि महामायाबाई बाहेर आल्या. आज त्या पहिल्या दिवसासारख्या थरथरत नव्हत्या. तेच मला जास्त भयंकर वाटलं. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. झपझप आल्या. मग उजवा पाय पाचवीवर ठेवला. पायरी आत दबली. मला ती दबलेली कळली. त्यांना कळली नाही. त्यांनी डावा पाय उचलला आणि सगळं वजन घेऊन उभ्या राहिल्या.

एक क्षण पायरी टिकली. त्या उंचीवरून कुंपणाच्या पलीकडचं दिसत होतं. महामायाबाईंनी पहिल्यांदाच डोळे उघडे ठेवले होते. "अगे माय! डोंगर दिसते इथून!" त्या म्हणाल्या, आणि हसल्या.

काडकन आवाज झाला. पाचवी पायरी मधोमध मोडली. त्यांचे दोन्ही पाय आरपार खाली आले. एक पाय चौथीवर आपटला, दुसरा हवेत. हात मात्र सुटले नाहीत. माझ्या दोन्ही बांबूंना मिठी मारून त्या लोंबकळल्या आणि किंचाळल्या. मी भिंतीवरून सरकू लागले. चौथ्या पायरीला मी विनवत होते, तू तरी मोडू नकोस, तू तरी मोडू नकोस. इतकी भीती मला खांबावरच्या साऱ्या वर्षांत कधी वाटली नव्हती.

नशीब म्हणा, भाऊ चष्मा विसरले म्हणून अर्ध्या रस्त्यातून परत आले होते. किंकाळी ऐकून ते धावले. त्यांची एक चप्पल अंगणाच्या दारातच राहिली. त्यांनी खालून माझे बांबू स्वतःच्या छातीशी आवळून धरले आणि वर पाहिलं. मग त्यांचा तो जुना, खांबाखालचा आवाज आला. मोठा नाही, पण पक्का.

"महामाया, खाली पाहू नको. हात सोडू नको. मी धरली हाय."

"पडते मी!"

"नाही पडत. डावा पाय कुठी हाय? चौथीवर हाय. तिथीच राहू दे. आता उजवा त्याच्या बाजूले आन. आला? मंग डावा खाली घे. खाली तिसरी हाय, ते पक्की हाय. मी ठोकून पाह्यली."

अशी एकेक पायरी करत भाऊंनी बाईंना खाली उतरवलं. जमिनीला पाय लागले तशा बाई मटकन खाली बसल्या. घोटा सुजून आला होता, नडगी सोलून निघाली होती. भाऊही तिथेच बसले. ज्यांनी वर्षानुवर्षं खांबावर शीळ घातली, त्यांना आता आपली एक चप्पल कुठे गेली तेही कळेना. जब्बार मिस्त्री पळत आले, रिक्षा घेऊन आले, डॉक्टरकडे नेलं. हाड शाबूत होतं, पाय मुरगळला होता.

दुपारी दोघं परत आले. महामायाबाई मागच्या अंगणात खाटेवर पाय पसरून बसल्या. बराच वेळ माझ्या मोडलेल्या पायरीकडे पाहत होत्या. आतला भुसा आता उघडा पडला होता.

"तिसरी पक्की हाय, ठोकून पाह्यली, असं म्हणले तुम्ही," त्या सावकाश म्हणाल्या. "म्हंजे पाचवीबी ठोकून पाह्यली होती."

भाऊ खाली मान घालून म्हणाले, "हाव."

"कवा?"

"तूनं रंग लावला त्याच दिशी. भद्द बोलली ते."

"मंग मले सांगतलं काऊन नाही?"

"तुले वाईट वाटलं असतं वं. दिवसभर उन्हात बसून..."

"वाटलं असतं तं वाटलं असतं वाईट!" महामायाबाई कडाडल्या. "दोन घास कमी खाल्ले असते मी! अन् आज मान मोडली असती तं? माहा फोटो घेऊन गेले असते का बोधिवृक्ष पाह्याले?"

भाऊंच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसतही नव्हते. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "पन तू चढली कायले?"

मग बाईंनी सगळं सांगितलं. रोजची एक पायरी, तीन शरणं, बारा दिवस, विमान.

"मले सांगाचं न."

"तुम्ही हसले असते. जलम गेला तुमचा खांबावर. तुम्हाले काय मालूम भेव काय असते!"

भाऊ खाटेच्या कडेला बसले. पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागले. मग म्हणाले, "मलेबी लागते."

"काय?"

"भेव. इमानाचं. खांबावर पायाखाली पायरी असते, हातात दोर असते. तिथी काय असते? पट्टा बांधून बसाचं अन् दुसऱ्याच्या भरोशावर उडाचं. महिना झाला, डोक्यात तेच फिरून राह्यलं. हात रिकामे राह्यले का जास्तच होते. म्हून तं हे दुरुस्त्या काढल्या. नाही तं उन्हाळ्यात कोनाचं घर गळते?"

महामायाबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. आधी हसल्या, मग रडल्या, मग दोन्ही एकदम. "बाप्पा बाप्पा," त्या म्हणाल्या, "दोघंबी भेकड निंगालो आपून."

मी मनात म्हटलं, दोघं नाही, तिघं.

त्याच दुपारी भाऊंनी करवत आणली. पायरी मोडलेली शिडी उभी ठेवायची नसते, उद्या दुसरा कुणी चढेल. लाइनमनचा हा नियम मला ठाऊक होता, तरी करवतीचे दात पाहून माझ्या अंगाचं पाणी पाणी झालं. भाऊंनी मला आडवी केली, एक टोक महामायाबाईंच्या खाटेवर ठेवलं. "धरशीन का?" त्यांनी विचारलं. "धरते," बाई म्हणाल्या, आणि माझे बांबू दोन्ही हातांनी घट्ट धरून बसल्या. चौथ्या आणि पाचव्या पायरीच्या मधून मला कापलं. दुखलं, मित्रांनो, फार दुखलं. माझा वरचा भाग, ती दिवे लावणारी अकरावी पायरीसुद्धा, दुसऱ्या दिवशी पाणी तापवायच्या चुलीत गेला. निळा रंग जळताना वास आला, तेव्हा असला रंग दिला म्हणून महामायाबाई जब्बार मिस्त्रींवर चिडल्या.

आता मी चार पायऱ्यांची आहे. मला आत पडवीत कोरड्या जागेवर ठेवलं आहे आणि माझ्यावर टॉवेल वाळतात. भाऊंनी उरलेल्या पायऱ्यांवरचा रंग काचेच्या तुकड्यानं खरवडून काढला. आता माझ्या अंगात काय आहे ते सगळ्यांना दिसतं. उंचीही माझ्या सोसण्याइतकी आहे.

जायच्या दिवशी सकाळी जीप आली. महामायाबाई घोट्याला पट्टी बांधून, काठी टेकत निघाल्या. पांढरं लुगडं नेसल्या होत्या. यादीतली चार कामं तशीच राहिली होती, पण भाऊंनी ती पाहिली नाहीत. पडवीच्या पायरीवर बाई थांबल्या आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अहो, मले लय भेव लागून राह्यलं."

"मलेबी," भाऊही तितक्याच मोठ्यानं म्हणाले.

जब्बार मिस्त्री बॅगा जीपवर चढवत होते. म्हणाले, "अरे, दोघंबी भेता तं जाता काऊन?"

"भेव लागते म्हून कोनी राह्यते का?" महामायाबाई म्हणाल्या. त्यांनी भाऊंच्या खांद्यावर हात टाकला, आणि दोघं जीपमध्ये बसले.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुठेतरी माझ्यासारखी एखादी शिडी भिंतीला टेकून उभी असेल. तिला पाण्यात आणि चिखलात ठेवू नका. चढण्याआधी तिच्या पायऱ्या ठोकून पाहा. आणि एखादी पायरी पोकळ निघाली, तर कुणाला वाईट वाटेल म्हणून तोंड मिटून बसू नका. त्याच दिवशी सांगा. तुम्हाला भीती वाटली, तर तीही सांगा, कुणी हसलं तरी सांगा. रविवारपासून गुरुवारपर्यंत मी भिंतीला टेकून नुसती ओरडत होते आणि अंगणात कुणालाही काही ऐकू आलं नाही. मला तोंड नव्हतं, मित्रांनो. तुम्हाला आहे.